शालिकरामचे ठोकळे

शालिकरामचा देवावर विश्वास होता, बायकोवर होता, हँडब्रेकवर मात्र काडीचा नव्हता. तरुणपणी तो कन्हानला कोळशाच्या ट्रकवर क्लीनर होता. ट्रक थांबला की उडी मारायची आणि चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवायचा, एवढंच त्याचं शिक्षण. पुढे रामदासपेठेतल्या एका खासगी दवाखान्यात तो पार्किंगवर लागला, तेव्हा दोन ठोकळे घेऊनच आला. तळघर भरलं की गाड्या उतारावर उभ्या राहत. मालक हँडब्रेक ओढून पळत. कुणाची आई वर शेवटच्या घटका मोजत असायची, कुणाला उगाचच घाई. शालिकराम मुकाट्याने चाकाला ठोकळा लावायचा.

उताराच्या तळाशी सावली होती. झाडझूड करणारी सरिता तिथे डबा खायला बसायची. पहिल्या दिवशी वरच्या गाड्या बघून ती बिचकली, तेव्हा हा छाती फुगवून म्हणाला होता, "बस वं बिनधास्त. माझा ठोकळा आहे ना!" मग तीन वर्षं दोघं तिथेच जेवले.

या मे महिन्यात कुणा बड्या पेशंटची बायको ठोकळ्याला अडखळली. पोराच्या वयाचा सुपरवायझर सगळ्यांदेखत ओरडला, "हा काय ट्रकअड्डा आहे? पुन्हा दिसले तर तुम्हीबी दिसणार नाही इथं." ठोकळे भंगारात गेले. शालिकराम गप्प बसला. अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरी नोकरी कोण देतो? इथवर त्याला दोष देणाऱ्याने आधी आपल्या पोटाकडे बघावं.

पण सरितालाही त्याने सांगितलं नाही, आणि हे मात्र मला त्याला माफ करता येत नाही. कोणत्या तोंडाने सांगणार होता? पाच दिवस तो तिच्यासमोर बसून जेवला, एक डोळा उतारावर ठेवून.

सहाव्या दिवशी दुपारी तो वर एक गाडी लावून घेत होता. शेजारची पांढरी गाडी, हँडब्रेक ओढलेला असूनही, हळूच सुटली. तो धावला. सवयीने हात भिंतीकडे, ठोकळ्याच्या जागेकडे गेला आणि रिकामा परत आला. मग त्याने पायच चाकाखाली घातला. चाक पाय चिरडून पुढे गेलं. तळाशी सरिता उताराकडे पाठ करून डबा उघडत होती. त्याने हाक मारली, पण तिला वळायला वेळ मिळाला नाही.

सरिता गेल्याच्या चौथ्या दिवशी तिची आई जिजाबाई शालिकरामच्या वॉर्डात आली. खाटेजवळच्या स्टुलावर बसली.

"भाऊ, मले भांडायचं नाही. त्या दिवशी ठोकळा काहून नाही लावला, तेवढं सांगा."

"ठोकळे पाच दिवसांपासून नव्हतेच, बाई. साहेबानं फेकले."

"सरितेले माहीत होतं?"

शालिकरामने नाही म्हणून मान हलवली.

"पाच दिवस ती तुमच्यासोबत जेवून राहिली होती," जिजाबाई हळूच म्हणाली, "अन् तुम्ही तिले सांगतलं नाही?"

"लाज वाटली, बाई," शालिकराम म्हणाला.