इंजिन बंद असताना

सोलापुरातल्या एका साउंड सिस्टिमवाल्याने मला तांब्याची म्हणून ॲल्युमिनियमची वायर विकली, आणि नाव खराब झालं अर्थिंगअण्णाचं. दुकानदाराचं नाव लिहीत नाही. वाचल्यावर त्याला कळेल.

अण्णा मूळचा अक्कलकोटकडचा, सोलापुरात गाड्यांचा वायरमन. गाडी आली की आधी सगळ्यांना खाली उतरवायचा, काचा वर करायचा आणि तापलेल्या त्या डब्यात एकटाच डोळे मिटून बसायचा. भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नसताना, काचेआड त्याचे ओठ हलताना दिसत. आत दुसरं कुणी बसलंय की काय, असं वाटे. दार उघडायला गेलं तर बोट वर करून म्हणायचा, "तडीरी." म्हणजे थांबा. बाहेर यायचा तो घामाने निथळत, आणि दोष कुठे आहे ते सांगूनच.

इतर वायरमन बॅटरीतून करंट येतो कसा ते बघतात. अण्णा तो परत कसा जातो ते आधी बघायचा. म्हणून तो अर्थिंगअण्णा. "येनारं कुटूनबी येतंय," तो म्हणायचा. "परत जायला वाट न्हाय मिळाली, की तरास देतंय."

दुधनीच्या बाजारात स्वतःच्या पाठीवर तुरीची पोती वाहून मी धंदा उभा केला. हौसेने गाडी घेतली, तिला मोठा ॲम्प्लिफायर आणि बेस बसवून घेतला. वायरीसाठी त्या दुकानदाराशी तासभर घासाघीस केली आणि जिंकलो असं समजून घरी आलो. आठवड्यात रडगाणं सुरू. बेस धपकला की हेडलाइट मंद, आणि ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक कुई.

अण्णाने गाडीत बसून ऐकलं आणि बाहेर येऊन तीच कुई नाकातून काढून दाखवली. इतकी हुबेहूब, की माझ्या अंगावर काटा आला. "ही इंजिनची," तो म्हणाला. "अर्थिंग नीट केलं की जाईल. इंजिन बंद असताना आली, तर ती गाडीची न्हाय." मग कुणाची, असं मी विचारलं. तो नुसता हसला.

त्याने सीटखालचा रंग खरवडून अर्थिंगची वायर उघड्या पत्र्यावर आवळली. कुई गेली. हेडलाइट मात्र मंदावतच होते. तेव्हा त्याने गाणं चालू असताना बॅटरीजवळचा फ्यूज उपसला. गाणं थांबलं नाही. तुटलेल्या वायरीवर ते आणखी चार श्वास चाललं, मग खोल खोल जात विझलं. डिकीतल्या कपॅसिटरवरचे निळे आकडे एकेक करून उतरत होते. मी दोन पावलं मागे सरलो.

"ह्येच्यात साठल्यालं असतंय, मालक. तोडलं म्हनून लगीच कोन जात न्हाय."

मग त्याने पकडीने वायरीला शेजारी शेजारी दोन चावे घेतले. लाल कातड्याखाली वरवर तांबूस मुलामा, आत पांढरं. एवढा भार ही पेलणार नाही, तापून एक दिवस पेटेल. तुकडे करून टाकून द्या, असं त्याने बजावलं. मी कशाला टाकतोय? तीच वायर दुकानदाराच्या काउंटरवर आपटली, त्याच्या सात पिढ्या काढल्या आणि अस्सल तांब्याची घेऊन परतलो. अण्णाला फुशारकीने सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"वायर तुमच्या गाडीतनं गेली मालक. गावातनं न्हाय गेली."

पुढे उजनीकाठच्या एका केळीवाल्याची गाडी त्याच्याकडे आली. तेच हेडलाइट, तीच तक्रार. दुकानदाराच्या माणसाने बसवलेली वायर आजच काढा, असं अण्णाने सांगितलं. केळीवाला म्हणाला, माल गेल्यावर बघू. चौथ्या दिवशी गाणी लावून उभी केलेली गाडी पेटली. आत कुणी नव्हतं, तेवढं नशीब. दुकानदाराने मात्र गावभर केलं की अण्णाने हात लावला आणि गाडी जळली. लोकांनी विश्वास ठेवला. अण्णाच्या दारात गाडी येईना. अण्णा दुकान बंद करून गावी गेला आणि पावसाळ्याआधी तिथेच गेला.

त्याच्या मातीला जाऊन आलो आणि राहवेना म्हणून भंगारवाल्याकडे केळीवाल्याची ती गाडी बघायला गेलो. मागची बाजू कोळसा झाली होती, पुढची नुसती काळवंडलेली. बॅटरीपाशी हातभर लाल वायर शाबूत होती. तिच्यावर एका जागी काळी टेप गुंडाळलेली. सोडवली. आत दोन चावे, शेजारी शेजारी.

तो तुकडा घेऊन माझ्या गाडीत बसलो. किल्ली हातात होती, गाणं बंद, इंजिन बंद. मागच्या स्पीकरमधून बारीक कुई आली. उतरून फ्यूज उपसला, डिकी उघडून उभा राहिलो. निळे आकडे उतरत उतरत विझले. कुई चालूच होती. नाकातून काढल्यासारखी.

तेव्हापासून दुपारी गाडीत बसलो की येते. दुसऱ्या दोन वायरमनना दाखवली. त्यांना ऐकू येत नाही.

वायर परत मी दिली, हे मी अण्णाच्या बायकोला तिच्या दारात जाऊन सांगितलं. दुकानदारा, आता तू ये. दोन चावे बघून, टेप गुंडाळून तीच वायर पुन्हा कुणी विकली, ते तिच्यासमोर सांग. तुकडा माझ्याकडे आहे. मी थांबलोय.