नात्यात नसलेली माणसं

नातं निघालं की हिरमुसणारी व्यक्ती अख्ख्या भिलाईत एकच आहे आणि ती माझी नणंद आहे. ताई डीएनए तपासणीच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ आहेत. माणसाची ओळख पटवायला डीएनएमधल्या ठरावीक जागा तपासतात. पण तिथला नमुना इथल्या लोकांत किती सर्रास सापडतो ते ठाऊक नसेल, तर जुळणी खरी की योगायोग हे सांगता येत नाही. ते मोजताना नातलग घेतले तर तोच नमुना पुन्हा पुन्हा येतो, म्हणून ताईंना आमच्या विदर्भातून आलेल्या मंडळींपैकी एकमेकांचे कोणीच नसलेले लोक हवे होते. आता आमच्या हुडको वसाहतीत असे लोक आणायचे कुठून? इथे स्टील प्लांटमध्ये एकजण लागला, की त्याने साळा, साळ्याचा साळा करत अर्धं गाव आणलेलं. तरी ताई दर रविवारी वंदना संपली की विहाराच्या दाराशी कापसाच्या काड्या घेऊन उभ्या. आधी संमतीची सही, मग आजीच्या माहेरापर्यंत चौकशी आणि त्यात पास झाला तरच गालाच्या आतून काडी फिरणार. एकदा या चौकशीत दोन शेजारी लांबचे मावसभाऊ निघाले. ते गळ्यात गळा घालून रडत असताना ताई शांतपणे म्हणाल्या, "दोघांतला एकच चालते." मग यादीत कोणी राहायचं यावरून त्या नव्या भावांचं जे वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.

पुढे रसमड्याच्या एका कारखान्यात आग लागली आणि दोन कामगार ओळखू येऊ नयेत इतके जळाले. त्यातला एक भिलाई-३च्या एका विधवा मावशींचा एकुलता एक लेक. त्यांच्या गालातून काडी फिरवून ताईंनी जुळणी केली, निकाल दिला. पण मावशी देह ताब्यात घेईनात. "दुसरीच्या लेकराले मी माती कशी देऊ?" एवढंच त्या म्हणत राहिल्या. शेवटी ताई स्वतः गेल्या, सोबत मी.

एरवी या विषयावर तासभर बोलणाऱ्या ताई मावशींजवळ जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, जितक्या जागा पाह्यल्या, तितक्या जागी अर्धा वाटा तुमचाच निंघाला. एकबी जागा सुटली नाही."

एवढ्याशा काडीवरून लेकराला आईपर्यंत पोचवणाऱ्या या बाईचं मला आजही नवल वाटतं. त्या दिवशी तर त्यांच्याकडे बघायचाही धीर होईना.

 मावशी हळूच म्हणाल्या, "म्हंजे त्या आगीत मी त्याच्यासंगच होती."

आणि उठून लेकाला आणायला निघाल्या.