देव्हाऱ्यातला जॅक

अन्याय झाला तो आमच्या वाड्यावरच्या एका बाईवर. गेल्या चतुर्थीच्या आदल्या सकाळी, इब्रामपूरहून डिचोलीला जाताना, आमच्याच गाडीत. नात्याने ती आमची कोणी नव्हे, मी तिला मावशी म्हणते. तिच्या तोंडून तक्रार कधी येणार नाही, म्हणून मी लिहिते आहे.

मावशी माटोळीचं सामान विकते. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळंफुलं बांधतात, ती माटोळी. आणि ती फळंफुलं आपोआप बाजारात येत नाहीत. त्याआधी मावशी पायांना जळवा लावून घेत रान तुडवते. कवंडळाची कडू लाल फळं, कांगण्यांच्या रानफळांचे झुबके, सुपारीचे कातरे म्हणजे घड. हे विकायला तिला वर्षातून एकच सकाळ मिळते. दुपार झाली की लोक घरी माटोळी बांधायला बसतात. दुसऱ्या दिवशी कवंडळ कोणी फुकटही नेत नाही, ते खाताही येत नाही.

ती पहाटेच्या बसने जाणार होती. माझ्या काकाने तिला थांबवलं. "गाडी आसताना बस कित्याक गे वयनी? आमका पण डिचोलीकच जावचा आसा."

या एका वाक्यावर तिने बस सोडली, हे लक्षात ठेवा.

गाडीची तयारी म्हणाल तर चोख होती. पुढे ताजी लिंबू-मिरची, समोर छोटा गणपती, कप्प्यात देवीचा अंगारा. गाडी नवी आली तेव्हा चारही चाकांखाली लिंबं चिरडली होती. दोडामार्गाच्या अलीकडे कोणीतरी पाईप घालायला रस्ता खणून तसाच सोडला आहे. तिथे मागचं चाक आत बसलं आणि टायर फाटला.

स्टेपनी होती. तिच्यात हवाही होती. जॅक नव्हता, पाना नव्हता. काका बराच वेळ डिकीत वाकून राहिला, मग हळूच म्हणाला, "तो देव्हाऱ्यात आसा."

दसऱ्याला आम्ही आयुधं पुजतो. कोयता, कुऱ्हाड आणि गाडी आल्यापासून जॅक आणि पाना. धुऊन पाटावर मांडायचे, कुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. कोयता दुसऱ्या दिवशी बाहेर गेला, कारण कोयत्यावाचून अडतं. जॅक आणि पाना लाल फडक्यात देव्हाऱ्याखाली राहिले. "पुजलेली वस्तू परत चिखलात टाकतत काय?" असं काकू म्हणाली होती, आणि घरात कोणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

काका एका स्कूटरमागे बसून जॅक आणायला घरी गेला. मी रस्त्यावर हात करत राहिले. भाड्याच्या गाडीतले पर्यटक थांबले. त्यांच्या डिकीत जॅकची जागा रिकामी. चोरीला जातो म्हणून मालकच काढून ठेवतो, म्हणे. मग साखळी गावचा एक माणूस थांबला, गाडी कोरी करकरीत. "आमच्या गाडयेक स्टेपनीच ना," तो जरा ऐटीत म्हणाला. "फेसाचो डबो दिता कंपनी." स्टेपनी नाही, म्हणून जॅकही नाही. आणि पंक्चर बुजवायचा तो फेस फाटलेल्या टायरला काय करणार? बस आली ती दारापर्यंत भरलेली. मावशीच्या दोन गोण्या बघून ड्रायव्हरने वेग वाढवला.

मग पिकअप आली. मागच्या हौद्यात गणपती, तोंडावर कापड घेतलेला, भोवती घरची माणसं दाटीवाटीने. ड्रायव्हर उतरला. जॅक होता त्याच्याकडे.

"आसा मगो," तो म्हणाला. "पण पेटयेत आसा. पेटयेर पाट, आनी पाटार देव."

घरी पोचेपर्यंत मूर्ती वाटेत हलवायची नाही, खाली ठेवायची नाही, हे त्याला माहीत आणि मलाही. मी कचेऱ्यांच्या दारात घोषणा दिल्या आहेत, पत्रकं लिहिताना मला शब्द कधी कमी पडलेले नाहीत. तिथे एक शब्द फुटला नाही. मावशीने तर हातच जोडले. तो थोडा थांबला, आम्ही काही बोलतो का ते बघत. मग गेला. जॅक माझ्या समोरून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून गेला.

"मावशे, सांगायचं तरी त्याला."

"कोणाक सांगू? देवाक? उतर रे म्हणान?" ती हसली, आणि बाटलीतलं पाणी कातऱ्यांवर शिंपडत बसली.

काका परतला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. फडकं सोडलं तर जॅकच्या आट्यांत कुंकू आणि गंज एकत्र वाळून बसलेले. फिरेनाच. शेवटी दगडाने ठोकून फिरवला.

डिचोलीत पोचलो तेव्हा बाजारात पाचोळा उरला होता. मावशीने तरीही गोणपाट पसरलं. एक गृहस्थ थांबले. "आता कोणाक घालतलंय ह्या? गुरांक?"

"गुरां पण कवंडळ खाय नाय, बाबा," मावशी म्हणाली.

दोघंही हसली. मला हसता आलं नाही.

संध्याकाळी तिने दोन्ही गोण्या शेणखताच्या खड्ड्यात रित्या केल्या. त्यातला एक बरा झुबका राखून आमच्या माटोळीला आणून बांधला. आमची अपुरी राहिली होती ना. काकाने मान वर केली नाही. काकूने जॅक पुसून पुन्हा लाल फडक्यात गुंडाळला. मी तो उचलून डिकीत ठेवला. सकाळी उठून बघते तर तो परत देव्हाऱ्याखाली.

घरात मी हरले. म्हणून तुम्हाला सांगते. हे वाचून झालं की उठा, डिकी उघडा. जॅक आहे का बघा, नुसता बघू नका, फिरवा, तेल घाला, एक चाक स्वतः काढून बसवा. दसऱ्याला हवी तेवढी पूजा करा आणि त्याच संध्याकाळी तो परत गाडीत ठेवा. तोपर्यंत कोणाला, विशेषतः जिला बस धरायची आहे तिला, "आमच्या गाडीतून चल" म्हणू नका.