साडभाऊंचे समाधानी रुग्ण

आमच्या साडभाऊंइतका लोकांच्या समाधानाचा ध्यास घेतलेला आणि त्यापायी लोकांना इतका वैताग दिलेला माणूस नागभीडपासून एटापल्लीपर्यंत दुसरा झाला नसेल. कुठल्याशा संस्थेने त्यांना दवाखान्यांतल्या रुग्णांचं समाधान मोजायला नेमलं होतं. चोवीस प्रश्न आणि प्रत्येकापुढे पाच चौकटी, 'अत्यंत असमाधानी'पासून 'अत्यंत समाधानी'पर्यंत. हे खूळ नोकरीपुरतं राहिलं असतं तर आम्ही सोसलंही असतं. पण माझ्या मुलीच्या लग्नात हा गृहस्थ पंगतीतून उठणाऱ्या प्रत्येकाला गाठून वाढप्यांची वागणूक कशी वाटली ते विचारत हिंडला. व्याही 'बरी' म्हणाले, तर मधल्या चौकटीत खूण करून ती त्यांनाच दाखवली. व्याही अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. घरी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे माझ्या मेव्हणीच्या, वरणालाही मधलीच चौकट मिळाली, तेव्हा तिने आठवडाभर वरण केलं नाही. तरी यांचं आपलं एकच, "भाऊ, मोजलं नाई तर सुधरन कसं?" ताप नुसता मोजून उतरत असता तर मी गोळ्यांऐवजी थर्मामीटरच वाटले असते.

कारण गोळ्या वाटणं हीच माझी नोकरी, जंगलातल्या एका लहानशा दवाखान्यात. आमचे डॉक्टर बदलून गेले होते आणि नवे येत नव्हते. जागा भरा म्हणून वर लिहून लिहून मी थकलो होतो. अशात एका बाजाराच्या दिवशी साडभाऊ जीप घेऊन आले, डॉक्टरांची खोली रिकामी दिसली तशी खुशाल त्यांच्याच खुर्चीत बसले, आणि चोवीस प्रश्नांच्या कागदांचा गठ्ठा सोडला. डॉक्टरच नाहीत तर डॉक्टरांबद्दल काय डोंबल विचारणार, असं मी म्हणालो. पण कागदावर 'डॉक्टर नाहीत' अशी चौकटच नव्हती, त्यामुळे त्यांच्या लेखी तशी अडचणही नव्हती. चष्मा लावून ते एकेकाला आत बोलावू लागले. नाव काय, गाव कोणतं, काय दुखतं, किती दिवसांपासून. दुपारपर्यंत सगळ्या खुणा शेवटच्या चौकटीत पडल्या होत्या. तुमचा दवाखाना जिल्ह्यात पहिला येणार म्हणून ते हरखून गेले. मी त्यांना चांगलं झापलं. दवाखाना पहिला आला की इथे डॉक्टर कोण कशाला पाठवेल?

शेवटी एक म्हातारी उरली होती. दोन कोस चालून आलेली, एकेका शब्दागणिक दम लागत होता. मी तिथेच उभा होतो. साडभाऊंनी नेहमीच्या सुरात विचारलं, "डॉक्टरांनी तुमचं म्हणणं नीट ऐकून घेतलं का?"

"ऐकून तं राह्यले तुमी," ती म्हणाली. "एवढं कोनी इचारलं नोतं मले." मग स्टूल पुढे सरकवून ती पदर सावरत म्हणाली, "आता छाती पाहा."

साडभाऊंनी पेन खाली ठेवलं. त्या गठ्ठ्यातलं सगळं समाधान कुणाबद्दल होतं ते आम्हा दोघांनाही एकदमच कळलं. गोळ्या देताना डॉक्टर कुठे आहेत असं सकाळपासून मला एकानेही विचारलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. साडभाऊंनी म्हातारीला हाताला धरून जीपमध्ये बसवलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात भरती करूनच परतले. मग त्या प्रत्येक कागदावर आडवं लिहिलं, 'इथे डॉक्टर नाहीत', आणि गठ्ठा तसाच पाठवून दिला. संस्थेने कागद बाद ठरवले आणि पुढच्या महिन्यात साडभाऊंनाही. आता ते नागभीडला घरीच असतात. मेव्हणी सांगते, हल्ली पुढ्यात येईल ते मुकाट्याने जेवतात.

नवे डॉक्टर अजून आलेले नाहीत. म्हातारी बाजाराच्या दिवशी दम्याच्या गोळ्या न्यायला येते, खिडकीशी टेकते आणि दर वेळी विचारते, "ते चष्म्यावाले डाक्टर काऊन नाई आले?" ते डॉक्टर नव्हते, हे तिला सांगायचं मी अनेकदा ठरवलं. पण तोंडातून 'येतील' एवढंच निघतं, आणि साडभाऊंची फार आठवण येते.