चंपाषष्ठीची भूक

गर्दचं व्यसन सुटतं, पण सुटल्यानंतर दिवसभर करायचं काय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. धुळ्यात एका ट्रान्सपोर्टमध्ये कामाला होतो, तिथेच पन्नीवर गर्द ओढायला शिकलो. इस्पितळात राहून अंगातलं विष उतरवलं आणि सोनगीरजवळच्या आमच्या गावी परतलो. अंग दुखायचं थांबलं, पण काही गोड लागेना. चहा, थंडीतलं ऊन, आईच्या हातची भाकरी, सगळं सारखंच बेचव. असंच जगायचं होतं तर सोडलं कशाला, असं रोज वाटे. देवाशी तर माझं बोलणंच बंद होतं.

माझ्या वडिलांना सगळे नाना म्हणत. पोरगा मौजमजेनं बिघडला, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. त्यांनी खंडोबाला नवस बोलला, की पोरगा पुरता सावरेपर्यंत त्याला कसलीही चैन करू देणार नाही. व्हॉलीबॉल बंद, पत्ते बंद, रेडिओ बंद, मित्रांच्या शेतातल्या भरीत पार्ट्या बंद. चातुर्मासात वांगं कुणीच खात नाही, मला ते पुढेही वर्ज्य झालं. खरं तर मौज गर्दनं केव्हाच खाऊन टाकली होती. उरलीसुरली नानांनी देवाला वाहिली! त्यांच्या डोळ्यांतली काळजी दिसत होती, म्हणून मी मुकाट्यानं सगळं पाळलं. पण रिकाम्या दिवसात डोक्यात दुसरं काही येतच नसे.

चंपाषष्ठीच्या सकाळी माझा धीर सुटला. घरात तळी भरायची तयारी चालली होती. खोबरं आणतो असं सांगून मी निघालो आणि हायवेवर धुळ्याच्या एसटीची वाट बघत उभा राहिलो. कुठल्या गल्लीत पुडी मिळते ते पाठ होतं. मनातल्या मनात खंडोबाला म्हणालो, अडवायचं असेल तर अडव, मी काही थांबत नाही.

तेवढ्यात रस्त्यालगतच्या शेतातून एक म्हातारी लगबगीनं आली. कधी पाहिलेली नव्हती.

"ओ भाऊ, जरासा येस का? मना आंडोरना हात मोडेल शे. बठ्ठा पाव्हणा येई ऱ्हायनात, नि भरीत ठेचाले कोनी नही."

"अक्का, माले धुये जानं शे."

"मंग जाय ना. एसटी काय एकच शे?"

तिच्या मुलाचा हात खरंच गळ्यात बांधलेला होता. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजून तयार होती. दहा मिनिटांत उरकू म्हणून मी बसलो. साल काढताना बोटं पोळली. लाकडी बडगीत वांगी टाकली, मुसळी हातात घेतली आणि ठेचू लागलो. पूर्वी आमच्या मित्रांत हे काम माझंच असे. पहिली एसटी गेली तेव्हा जीव तुटला. दुसरी गेली तेव्हा मान वर केली. त्यानंतरच्या मला ऐकूच आल्या नाहीत.

लसूण, मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे पडले. मीठ मी अंदाजानं घातलं, कारण नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचं नसतं. त्या खमंग वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी चमकलो. किती तरी महिन्यांनी मला गर्दखेरीज दुसरं काहीतरी हवंहवंसं वाटत होतं. "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत तळी उचलली गेली आणि मी लहान पोरासारखा कधी एकदा पान वाढतात याची वाट बघत बसलो. रोडगा मोडून भरताचा घास घेतला आणि डोळे भरून आले. तिखट लागलं असेल असं समजून अक्कानं पाणी दिलं. धुळ्याला जायचं राहून गेलं, हे हात धुताना आठवलं.

घरी येऊन नानांसमोर उभा राहिलो. "नाना, मी खोबरं लेवाले नव्हतो गयथा. धुये पुडी लेवाले निंघनू थू."

नानांचा चेहरा उतरला. "मंग?"

"मंग काय, भरीत खाईसन उनू."

नवस मोडला होता. नाना देव्हाऱ्याकडे वळले, हात जोडले आणि म्हणाले, "तूच खावाडं, आते तूच संभाळ."

ती म्हातारी काही अदृश्य वगैरे झाली नाही. पुढे किती तरी हिवाळे तिच्या शेतात मी भरीत ठेचलं. चंपाषष्ठीच्या दुसऱ्याच दिवशी गर्दची ओढ पुन्हा आली, ठरलेल्या वेळी. मी ठरवलं, हिच्याशी नुसतं लढत बसायचं नाही, दिवस भरून काढायचा. नानांनी स्वतः व्हॉलीबॉलची जाळी काढून दिली. कधी खेळात मन लागे, कधी अजिबात नाही, तरी मी रोज मैदानावर जात राहिलो. शरण जाणं म्हणजे सगळं सोडणं, असं मी समजत होतो. देवानं हातात दिलेलं मुकाट्यानं घेणं, हेही शरण जाणंच आहे. तेव्हापासून मी खंडोबाकडे व्यसनाशी लढायची ताकद मागत नाही. दुपारच्या जेवणाला भूक लागू दे, एवढंच मागतो. त्यानं ती रोज दिली आहे.