पुरात नाव सरळ घालत नाहीत

कादंबरी वाचण्याच्या नादात मी एकदा हातकणंगल्याला उतरायचीच विसरले. मान वर केली तेव्हा गाडी निमशिरगावही सोडून पुढे निघाली होती. समोरची भाजीवाली म्हणाली, "बाई, आज जयसिंगपूरला काय काम काढलंय?" तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं.

सत्तरच्या दशकाच्या मध्याची ही गोष्ट. मी तेवीस-चोवीस वर्षांची होते. कोल्हापुरात आईवडिलांकडे राहायचे आणि हातकणंगल्याच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवायला रोज पॅसेंजरने जायचे. नोकरीचं दुसरंच वर्ष होतं.

ती कादंबरी मी आदल्या संध्याकाळी शाहूपुरीतल्या एका दुकानातून घेतली होती. खरं तर मी गेले होते व्याकरणाचं पुस्तक आणायला. दुकानदार नुकतंच आलेलं पार्सल सोडत बसले होते. त्यांनी एक पातळसं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "हे बघा बाई. मुलांसाठी हाय म्हणत्यात, पर राजा-राणी न्हाय, राक्षस न्हाय. परीकथांच्या शेजारी ठेवलं तर मोठी पोरं हात लावत न्हाईत. कादंबऱ्यांत ठेवलं तर आईबाप घेऊन देत न्हाईत. आता तुमीच वाचून सांगा, ह्याला ठेवू कुठं?"

मला त्यांच्या प्रश्नाची गंमत वाटली म्हणून मी ते घेतलं. घरी स्वयंपाकात आईला मदत, वह्या तपासणं यात संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर पहिलं पान उघडलं, आणि मग जयसिंगपूर.

गोष्ट एका नावाड्याच्या मुलीची होती. वय वर्षं चौदा. बापाचा पाय मोडतो आणि गावची नाव बंद पडायची वेळ येते, तेव्हा ती वल्हं हातात घेते. पण पोरीच्या हातातल्या नावेत बसायला कुणी तयार होत नाही. मी कॉलेजात मराठी घेऊन पदवी मिळवली होती, ढीगभर कादंबऱ्या वाचल्या होत्या. पण चौदा वर्षांची मुलगी सगळ्या गोष्टीच्या मधोमध उभी आहे आणि तिला कुणी उपदेश करत नाही, असं पुस्तक माझ्या हाताला लागलं नव्हतं. मी स्वतः चौदा वर्षांची असताना हे कुणी का दिलं नाही, असं वाटून मला चक्क राग आला.

जयसिंगपूरहून एसटीने उलटी आले. शाळेत पोचले तेव्हा दुसरा तास संपत आला होता. हेडसर व्हरांड्यातच उभे होते. पांढरी टोपी, पांढरा सदरा, हातात घड्याळ. शाळेबाहेरही न हसणारे म्हणून त्यांची ख्याती होती.

"गाडी लेट होती का बाई?"

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण खोटं मला कधी पटकन सुचत नाही. "नाही सर. पुस्तक वाचत होते, स्टेशन निघून गेलं."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मुलांच्या कानावर हे जाऊ देऊ नका," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

पण शेजारी शिपाईमामा उभे होते. मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या शाळेला कळलं होतं. नववी ब च्या वर्गात मी पाऊल टाकलं तशी मागच्या बाकावर खसखस पिकली. एकाने धीर करून विचारलंच, "बाई, तुमचं टेशन गेलं म्हणं?"

"गेलं."

"असलं कसलं पुस्तक हाय वो?"

इतकी वर्षं शिकवल्यावर मला आता कळतं की असा प्रश्न वर्गातून आपणहून येणं किती दुर्मीळ असतं. तेव्हा कळलं नव्हतं. मी फक्त पिशवीतून पुस्तक काढलं आणि पहिली दोन पानं वाचली. घंटा झाली तेव्हा एकही जण उठला नाही. "बाई, फुडं?" "फुडं उद्या," मी म्हटलं.

मग रिवाजच पडला. मराठीच्या तासाची शेवटची दहा मिनिटं कादंबरीची. ती मिळावीत म्हणून पोरं आधीची पंचवीस मिनिटं मुकाट्याने व्याकरण शिकू लागली. समास सोडवताना कुणी रेंगाळलं तर बाकीचे त्याच्यावर खेकसायचे, "आटप की लवकर, तिकडं ती नदीत अडकलीया!" ही सगळी शेतावरची, उसाच्या फडातली, काही गुऱ्हाळवाल्या घरची, काही रोजंदारीवर जाणाऱ्यांची मुलं. कुणाच्याच घरात धड्याच्या पुस्तकाशिवाय दुसरं पुस्तक नव्हतं. चार-पाच जण सुट्टीत पुढची पानं चोरून वाचून येऊ लागले. मग ते शेवट फोडतील म्हणून बाकीच्यांनी पुस्तक माझ्या कपाटात कुलपात ठेवायला लावलं.

आता वर्गातल्या एका मुलीबद्दल सांगते. खिडकीपाशी तिसऱ्या बाकावर बसायची. वारणाकाठच्या एका गावची, मामाकडे शिकायला राहिलेली. शाळा सुरू झाल्यापासून तिने वर्गात एक शब्दही उच्चारला नव्हता. प्रश्न विचारला तर उभी राहायची, खाली बघायची, आणि मीच तिला बस म्हणायचे. लिहायची मात्र नेटकं.

कादंबरीत पुराचं प्रकरण आलं. नदी फुगलेली, पलीकडच्या काठावर एक बाई बाळंतपणात अडलेली, आणि आपली नायिका सुईणीला घेऊन नाव पाण्यात घालते. लेखिकेने ते फार सुंदर लिहिलं होतं. नायिका पलीकडच्या काठावरच्या दिव्यावर नजर रोखते आणि नाव सरळ त्या दिव्याच्या दिशेने हाकारते. मीही आवाज चढवून, थांबत थांबत वाचत होते. वर्ग श्वास रोखून ऐकत होता.

"बाई, हे खोटं हाय."

आवाज खिडकीकडून आला होता. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. ती उभी होती आणि आपण बोललो याची तिला स्वतःलाच भीती वाटत होती.

"काय खोटं आहे?" मी विचारलं.

"पुरात नाव सरळ घालत न्हाईत."

"मग कशी घालतात?"

ती फळ्याजवळ आली, खडू घेतला, दोन रेघा ओढून नदी काढली. मग बोलू लागली. आधी काठाकाठानं नाव वर न्यायची, जिथं पाणी संथ असतं तिथनं. पलीकडं जिथं उतरायचं त्याच्या कितीतरी वर. मग तिरकी सोडायची. धार आपोआप खाली आणते, आपण फक्त नावेचं तोंड सांभाळायचं. "सरळ घातली की नाव धारेला लागती. मग दिवा ऱ्हातो एकीकडं आन् आपण जातो दुसरीकडं. खाली बाभळीत जाऊन आपटायचं. ती सुईण मेली असती बाई."

मग पुढच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "तुला गं काय म्हाईत?"

"माझा बा नावाडी हाय."

"पर तू चालवलीयास व्हय?"

"व्हय. बा तापानं पडलं हुतं तवा. दोनदा पुरात गेलतो मी."

आमच्याकडच्या मुली सर्रास 'आलो, गेलो' असंच बोलतात, पण त्या दिवशी ते 'गेलतो' मला वेगळंच ऐकू आलं. एक पोरगी दोनदा पुरात नाव घेऊन गेली होती आणि इतके महिने माझ्या वर्गात मान खाली घालून बसली होती. हे मला माहीत नव्हतं याची लाज वाटली. ती खडू ठेवून जागेवर गेली तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच.

टाळ्यांमुळे हेडसर आले. त्यांनी दारातूनच वर्गावर नजर फिरवली आणि माझ्या हातातलं पुस्तक मागून घेतलं. "हे अभ्यासक्रमात आहे?"

"नाही सर."

ते पुस्तक घेऊन निघून गेले. पोरांचे चेहरे पाहवत नव्हते. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. मला मागायचा धीर होईना. शेवटी नववी ब नेच ठरवलं. तीन मुलं आणि दोन मुली हेडसरांच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिली. त्यात ती खिडकीजवळचीही होती. मी व्हरांड्याच्या टोकाला उभी राहून बघत होते.

पाच मिनिटांत पाचही जणं पुस्तकासकट बाहेर आली. मागोमाग हेडसर. पुस्तकाला खाकी कव्हर घातलेलं होतं.

"बाई," ते मला म्हणाले, "मीही नदीकाठचाच. ती मुलगी म्हणते ते बरोबर आहे. एकशे बाराव्या पानावर मी पेन्सिलीने खूण केली आहे." मग जरा थांबून, "वाचा. पण पोर्शन मागे राहिला तर माझ्याकडे येऊ नका."

ते वळले तेव्हा त्यांच्या ओठांवर काहीतरी होतं. मी त्याला हसू म्हणते, शाळेतलं दुसरं कुणी ते मान्य करत नव्हतं.

पुस्तक संपलं त्या दिवशी वर्गाने ठरवलं की लेखिकेला पत्र लिहायचं. पत्ता नव्हता, म्हणून प्रकाशकाच्या नावे पाठवलं. पहिली ओळ तिघांनी भांडून ठरवली: 'तुमचं पुस्तक आम्हाला लई आवडलं, पण पुराचं चुकलंय.' 'लई' मी खोडायला निघाले होते, पोरांनी खोडू दिलं नाही. सोबत खिडकीजवळच्या मुलीने काढलेलं नदीचं चित्र होतं, नाव कुठून कुठे जाते ते बाण काढून दाखवलेलं.

दिवाळी झाली तरी उत्तर नाही. पोरं रोज शिपाईमामांना टपाल विचारायची. मग विचारायची बंद झाली. दरम्यान मी शाहूपुरीतून आणखी दोन नव्या कादंबऱ्या आणल्या. एक वर्गाला आवडली. दुसरी त्यांनी तिसऱ्या दिवशी बंद करायला लावली. "ह्यातला पोरगा लईच शहाणा हाय बाई, कधी चुकतच न्हाय." मी दुकानदारांना ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ते मान डोलवत ऐकून घेतलं, आणि पुढे नवं पार्सल आलं की एक प्रत बाजूला ठेवून म्हणायचे, "आधी तुमची नववी काय म्हणती ते बघू."

संक्रांतीच्या सुमाराला जाड पाकीट आलं. लेखिकेने स्वतः लिहिलं होतं. नदीचा पूर आपण फक्त पुलावरून पाहिला आहे, असं त्यांनी सरळ कबूल केलं होतं. वर्गाचे आभार मानले होते. आणि शेवटची दोन पानं त्या मुलीसाठी होती. त्यात नुसते प्रश्न होते. नाव धारेत शिरते तेव्हा हाताला काय जाणवतं? पाण्याचा आवाज कसा असतो? भीती नावेत बसण्याआधी वाटते की नंतर?

मुलगी म्हणाली, "एवढं सगळं मला इचारलंय?"

तिने चार दिवस घेतले आणि आठ पानं लिहिली. पत्र टाकण्याआधी गावी जाऊन वडिलांना दाखवते म्हणाली. सोमवारी सकाळी वडीलच शाळेत हजर झाले. उंच, काटक माणूस, डोक्याला फेटा. त्यांना बसायला खुर्ची दिली तरी बसेनात.

"बाई, पोरगी त्या बाईस्नी काय लिवलीय ते मला वाचता येत न्हाय. तिनं वाचून दावलं, पर आपल्या तोंडानं ती समदं सांगंल का? तुमी वाचा."

मी वाचलं. ते खाली बघत ऐकत होते. वडील तापाने पडले तेव्हाचं सगळं त्यात होतं. घाटावर उभ्या माणसांनी तिच्या नावेत बसायला नकार दिला, एका म्हातारीने मात्र 'मी बसते पोरी' म्हणून पहिलं पाऊल आत टाकलं, पलीकडे पोचल्यावर मुलीला रडू आलं आणि तिने तोंड नदीत धुऊन घेतलं म्हणजे कुणाला कळू नये. वडिलांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी थांबले. त्यांनी फेट्याच्या शेवाने डोळे पुसले.

"म्हातारी बसली ते बरं केलं," ते म्हणाले. "एक बारकं चुकलंय. आमच्याकडं पूर चढताना पाण्याचा वास पयला येतो, आवाज मागनं. ते तेवढं दुरुस्त करा."

मुलीने ते तळटीप म्हणून खाली लिहिलं: 'वडील म्हणतात, वास आधी येतो.' पत्र गेलं.

त्या पुस्तकाची सुधारलेली आवृत्ती निघाली की नाही, मला माहीत नाही. मी पाहिली नाही. पुढच्या वर्षी मुलगी दहावी झाली. मामाने लग्नाचं काढलं होतं, वडिलांनी ते मोडलं आणि तिला कोल्हापूरला नर्सिंगला घातलं. माझीही बदली शहरातल्या शाळेत झाली. मधे काही वर्षं भेट नव्हती.

मग एकदा कोल्हापूरच्या स्टँडवर गारगोटीच्या गाडीशेजारी पांढऱ्या साडीतली एक तरुण बाई मला हाका मारत आली. ती माझी खिडकीजवळचीच होती, नर्स म्हणून तिला गारगोटीच्या बाजूला नेमणूक मिळाली होती. मी तब्येत, आईवडील विचारायला लागले, पण तिला ते सांगण्यात रस नव्हता. पिशवीतून तिने एक कादंबरी काढली, नवीकोरी.

"बाई, हे वाचलासा?"

"नाही."

"न्हाय? मग आता ऐका." आणि गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून ती सांगू लागली. एक मुलगी, एक हरवलेली सायकल, दोन मैत्रिणींचं भांडण. कंडक्टरने दोनदा घंटी मारली. आतल्या बायका वाकून ऐकत होत्या.

"शेवट सांगू नकोस हं," मी म्हटलं.

"न्हाय सांगत." तिने पुस्तक माझ्या हातात कोंबलं. "माझं झालंय वाचून. तुमी वाचा, आन् मला कळवा कसं वाटलं." गाडी हलली तेव्हा खिडकीतून डोकं बाहेर काढून ती ओरडली, "पन्नासाव्या पानापर्यंत धीर धरा, मग नाद लागतोय!"

मी तिथेच बाकावर बसून पहिलं पान उघडलं.