चंद्रभानची पट्टी

देवगाव फाट्याजवळचा चंद्रभान अठरा वर्षं सेलूच्या एका जिनिंगात सरकीची पोती पाठीवर वाहत होता. गेल्या पावसाळ्यात त्याची कंबर धरली, ती सुटलीच नाही. खाली बसला की उठायला भिंत लागायची. पायात चपला घालायलासुद्धा त्याची बायको भिवराबाई पुढे यायची आणि त्याला त्याची लाज वाटायची. पोती सुटावीत आणि वजनकाट्यावरच्या रिकाम्या झालेल्या जागी बसून वजनं लिहायला मिळावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

आडवा आला मुकादम आबासाहेब. काट्यावर त्याला आपला मेहुणा बसवायचा होता. त्यामुळे चंद्रभान सोंग करतोय, हे त्याने सगळ्या जिनिंगात सांगून ठेवलं होतं. असली माणसं दुसऱ्याच्या कण्हण्यावरही संशय घेतात. शेवटी कटकटीला कंटाळून मालकाने चंद्रभानला परभणीच्या दवाखान्यात तपासायला सांगितलं. तिथे ट्रेडमिलवर चालवून कंबर किती हलते ते मोजत होते. आबासाहेब पहारेकऱ्यासारखा बरोबर निघाला. एसटीत त्याने शेजारच्या जागेवर आपली पिशवी ठेवली आणि चंद्रभान दांडा धरून परभणीपर्यंत उभा राहिला.

अपेक्षा नावाच्या तरुण डॉक्टरणीने बनियनवरूनच दोन पट्टे बांधले, एक कंबरेच्या मणक्यापाशी, एक खाली खुब्यांवर. पट्ट्यांत सेन्सर होते. चंद्रभान दहा मिनिटं चालला. दात आवळून, पण चालला. पडद्यावरच्या दोन्ही रेघा जवळजवळ सपाट उमटल्या. धडधाकट माणसाची कंबर आणि खुबे चालताना आपापल्या परीने वळतात, याचे एकाच लाकडासारखे हलतात, दुखणाऱ्याचं असंच होतं, असं तिने समजावलं. काटा आता मिळालाच, असं वाटून चंद्रभान कितीतरी दिवसांनी हसला.

तेवढ्यात पट्टा सोडताना बनियन वर सरकलं. आत जुन्या धोतराची पट्टी करकचून बांधलेली होती.

"बघा म्याडम," आबासाहेब म्हणाला, "कंबर हलू नये म्हून आवळून आलाय. मशीनला बी फसवायलाय."

सगळे हमाल पट्टी बांधतात. चंद्रभानही रोज पहाटे अंथरुणातच बांधायचा, ती डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. "ती बांधल्याबिगर मला घराबाहेर पडताच येत न्हाई," त्याने सांगितलं. आबासाहेब तोंडावर हसला. त्या हसण्याचा चंद्रभानला इतका संताप आला की हात उचलायचा तेवढा राहिला.

अपेक्षाने पट्टी सोडायला लावली आणि पुन्हा मोजायला घेतलं. या वेळी धड एकाच बाजूला कलायला लागलं, रेघा वेड्यावाकड्या उठल्या, आणि चाळिसाव्या पावलाला चंद्रभानने कठडा धरून ओरडून मशीन थांबवायला लावलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने दोन्ही आलेख आबासाहेबासमोर धरले. पट्टीने दुखणं झाकलं होतं, सोंग कुठेच नव्हतं, या माणसाने आता ओझं उचलायचं नाही, असं ती स्पष्ट बोलली.

आबासाहेबाने दोन्ही कागद नीट पाहिले. त्याला सगळं कळलं होतं.

"म्हंजे पट्टी बांधली की दहा मिन्टं चालतंय," तो म्हणाला. "मग बांधून उचलू द्या की. काटा कशाला पायजे?"

चंद्रभानने कठडा सोडला. खुर्चीवरची घामेजलेली पट्टी उचलून त्याने आबासाहेबाच्या हातात कोंबली.

"चालती ती पट्टी, मी न्हाई," तो म्हणाला. "उद्यापासून पोती तिच्या पाठीवर द्या."

मग तो भिंतीला धरत बाहेर पडला. पट्टीशिवाय बसस्थानकावर पोचायला त्याला तासभर लागला.